पोळ्याच्या दिवशी जुंपलेली जोडी

बाबा, पोळ्याच्या दिवशी मी बैल जुंपले त्याची माफी मागायला मी हे लिहीत नाही. आधीच सांगून टाकते, उगीच वाट पाहू नका. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं ते मी केव्हाच मागे टाकलं, म्हणजे आता आपल्या दोघांत थोरली मीच. थोरल्या माणसाचं ऐकून घ्यायची शिस्त तुम्हीच लावलीत, तेव्हा आता जरा ऐकून घ्या. गावाकडचं कोणी जुनं माणूस भेटलं की अजूनही माझी ओळख तीच निघते. "हे थेच नं, जिनं पोयाच्या दिवशी बैलावर जू ठेवलं?" लग्न झालं, मुलं झाली, शेगावच्या शाळेत जन्म गेला, पण गावाच्या लेखी मी एवढंच एक काम केलं. मी म्हणते, "हाव, मीच थे." आणि खरं सांगते, म्हणताना मला लाज वाटत नाही.

तांबडी आपल्याकडे कशी आली ते तुम्हाला आठवत असेलच. मिरचीच्या वाफ्यात आईच्या मागे मागे फिरायला लागली आणि मग फिरतच राहिली. "कुत्र्याले नाव ठेवू नका, नाव ठेवलं का जीव लागते," असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून आम्ही तिला नुसतं रंगावरून तांबडी म्हणायचो. जीव लागायचा तो लागलाच. बंडी शेताकडे निघाली की ती खालून, आसाच्या सावलीतून चालायची, आणि बांधावर तुम्ही शिदोरी सोडली की पहिला तुकडा तिला जायचा. तुम्ही तो तिच्याकडे न बघता टाकायचात, म्हणजे दिला असं कोणी म्हणू नये. मी तेव्हा चौदा वर्षांची, सातवी झालेली. मला वाटायचं की मला सगळं दिसतं. आता वाटतं की निम्मं तरी दिसत होतं.

आपल्या घरात एक नेम होता. नेम कसला, कायदाच. कुत्री व्यायला झाली की तिच्याकडे पाहायचं नाही. पाहिलं की ती पिल्लं खाते. कुटाराच्या खोलीत भुशावर एक गोणपाट टाकायचं, पाण्याचं भांडं ठेवायचं, दार ओढून घ्यायचं, आणि दोन दिवस त्या बाजूला कोणी फिरकायचं नाही. तिसऱ्या दिवशी दार उघडलं की पिल्लं असायची किंवा नसायची. नसली तर कोणीतरी पाहिलं असणार, असं ठरायचं, आणि घरातल्या सर्वांत लहान पोराकडे सगळे वळून बघायचे. मी तुमच्या आईला एकदा विचारलं होतं की जी कुत्री कुटारातच मरते तिला कोणी पाहिलेलं असतं. ती म्हणाली, "तिचं तेवढंच होतं." एवढ्यावर तुम्हा सगळ्यांचं समाधान व्हायचं. गाय अडली तर अख्खी आळी कंबर बांधून धावायची, रात्रीचा दिवस करायची. कुत्री अडू शकते, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या साली पोळ्याच्या आधी आठ दिवस झड लागली होती आणि अमावस्येलाच काय ते उघडलं. सकाळी तुम्ही बैल नाल्यावर धुऊन आणले. अंगणात पांढऱ्याची शिंगं रंगवून झाली होती, मोरक्याच्या शिंगांना हात घातला होता. आई आत पुरण वाटत होती. मी कुटाराच्या खोलीत गेले आणि पाहिलं. हो, पाहिलं. तांबडी कुशीवर पडली होती. पोट आवळून कळ यायची, पाय ताठ व्हायचे, आणि काहीच बाहेर यायचं नाही. पहिलं पिल्लूसुद्धा आलेलं नव्हतं, पण गोणपाटावर हिरवं पाणी सांडलं होतं, शेवाळाच्या रंगाचं. मी तिचा ओठ वर केला. एरवी तिच्या हिरड्या गुलाबी असायच्या, त्या दिवशी चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. बोटाने दाबलं तर रंग परत येईना. नाव घेतलं तर कान हलला नाही, शेपूटही नाही. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण रोज बघतो त्या जिवात काय बदललं हे बघणाऱ्याला कळतं, त्याला शाळा लागत नाही.

मी बाहेर आले आणि तुमच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, तांबडी मरून राह्यली."

"व्याले झाली ते. मरते कायची?"

"पिल्लू अडकलं तिचं. हिरवं पानी गेलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या."

तुमचा हात थांबला. "तू पाह्यलं?"

"हाव."

"तुले किती डाव सांगतलं, तिकडं पाहू नको म्हनून? आता खाईन थे पिल्लं, अन् मंग रडत बसजो."

"खाले तं बाहीर याले पायजे नं ते. वरवटच्या ढोराच्या दवाखान्यात नेऊ तिले. बंडी जुपा."

तुम्ही हसलात, बाबा. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "कुतरीले दवाखान्यात? लोकं काय म्हनतीन? अन् आज जू ठेवते का कोनी बैलाच्या खांद्यावर? आज देव हायेत थे."

"देव हायेत तं नेतीन ना तिले."

तेव्हा तुम्ही रंगाचं फडकं खाली ठेवलंत. मला वाटलं आता पडते थोबाडात. पण तुम्ही मारलं नाही, नुसतं म्हणालात, "तोंडाले आवर घाल. सनासुदीचा दिवस हाये," आणि मोरक्याचं उरलेलं शिंग तसंच टाकून मारुतीच्या देवळाकडे निघून गेलात. तिथे तोरण बांधायचं चाललं होतं आणि तुमच्यावाचून त्या दोरीला गाठ बसत नाही अशी तुमची समजूत होती.

दुसरा काही मार्ग होता का, हे मी नंतर हजार वेळा विचारून पाहिलं आहे. मास्तरांकडे सायकल होती, पण आपल्या काळ्या मातीत पावसानंतर सायकल दोन कदम जात नाही, चाकात चिखल गच्च बसतो आणि मग सायकललाच खांद्यावर घ्यावं लागतं. एस्टी पाऊस लागला की फाट्यावरूनच वळायची. वरवट दोन कोस. तांबडीला टोपल्यात घालून डोक्यावर नेली असती तर नाल्यापाशीच मी बसले असते. दुसऱ्या कोणाची बंडी मागावी, तर त्या दिवशी गावातला एकही माणूस दिला नसता. म्हणजे जे काही होतं ते अंगणात उभं होतं, धुतलेलं, रंगवलेलं, पाठीवर झूल घातलेलं.

तुम्ही परत याल म्हणून तीन तास वाट बघितली, मग मी स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि आईला म्हटलं, "माय, मी बंडी जुपतो." तिने वर बघितलं नाही. पाट्यावरचा हात चालूच होता. म्हणाली, "मी काही पाह्यलं नाई," आणि उठून माझ्याकडे पाठ करून बसली. आपल्या घरात न पाहण्याचा एवढा एकच चांगला उपयोग झाला. मी झुली उतरवून घडी करून ओट्यावर ठेवल्या. जू उचललं तर पांढरा आपणहून पुढे आला आणि मान खाली घातली. बिचाऱ्याला काय माहीत आज तो देव आहे. मोरक्या जरा मागे सरला, मग तोही आला. त्यांच्या खांद्यांवर आदल्या दिवशी लावलेलं लोणी आणि हळद अजून ओली होती, ती माझ्या हाताला लागली. मी त्यांच्या पाया पडले, एवढं तुम्हाला सांगून ठेवते. मग जुवाच्या खुंट्या, शिवळा घातल्या, तांबडीला गोणपाटासकट उचलून बंडीत ठेवलं आणि मागच्या गल्लीने निघाले.

वाटेचं काय सांगू. चाकं मधल्या तुंब्यापर्यंत रुतायची. मी बैलांना एक शब्द जोराने बोलले नाही, टोचायची तुतारी तर घरीच ठेवली होती. वाटेत एका शेतातल्या म्हातारीने मला बघितलं आणि तोंडावर पदर धरला. "कोनाची वं तू पोरी? काऊन पाप घेऊन राह्यली डोक्यावर?" मी म्हटलं, "वरवटले चाल्ली आजी, घाई हाये." कळा आता लांबल्या होत्या. तांबडी ओरडत होती तोवर मला धीर होता, ती गप्प झाली तशी माझी भीती वाढली. दुखणारं जनावर ओरडतं तोवर त्याच्यात जोर असतो. गप्प पडलं, अंग गार लागायला लागलं, की तुमच्या हातात वेळ फार उरलेला नसतो. हे मी त्या दोन कोसांत शिकले.

दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर मागच्या खोलीत राहायचे, घाटावरचे होते, लग्न न झालेले, स्टोव्हवर भात शिजवत होते. बाहेर आले आणि आधी बैलांकडेच बघत राहिले. एकाची दोन्ही शिंगं रंगवलेली, दुसऱ्याचं एकच. "आज पोळा ना तुमचा?" त्यांनी हसत विचारलं. मी म्हटलं, "हाव, पन तिले मालूम नाई." मग त्यांनी गोणपाट उघडलं आणि पुढे हसले नाहीत. हिरडी बघितली, मांडीच्या आतून नाडी बघितली, विचारलं, "कळा केव्हापासून देतेय?" मी म्हटलं, "सकायपासून." त्यांनी हात धुतले, तेल लावलं, आणि मला तिचं डोकं धरायला सांगितलं. पहिलं पिल्लू आडवं आलं होतं आणि मेलेलं होतं. ते काढायला त्यांना अर्धा तास लागला, घाम त्यांच्या नाकावरून गळत होता. मग त्यांनी सुई दिली. आणखी दोन मेलेली निघाली. मग एक निघालं, त्याला त्यांनी पायाला धरून उलटं केलं, फडक्याने खसाखसा चोळलं, आणि ते चिरकलं. त्याच्यामागून आणखी एक, तेही जिवंत. तांबडीने मान उचलून त्यांना चाटायला सुरुवात केली. खाल्लं नाही, बाबा. मी तिथेच बसले होते, डोळे फाडून बघत होते, डॉक्टर बघत होते, आणि तिने पिल्लं खाल्ली नाहीत.

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "अजून दोन तास गेले असते तर हीसुद्धा गेली असती. लक्षात ठेव, जोराच्या कळा सुरू होऊन तासाभरात पिल्लू आलं नाही तर वाट बघायची नाही. आणि पहिल्या पिल्लाच्या आधी हिरवं पाणी दिसलं तर तासभरसुद्धा नाही." मी ते पाठ केलं. त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही, उलट भात वाढला. पोळ्याच्या दिवशी मी पुरणपोळी सोडून एका घाटावरच्या माणसाचा करपलेला भात खाल्ला आणि तो मला गोड लागला.

आता तुमच्या दुःखाकडे येते. तुम्हाला वाटतं मला ते कळलं नाही. मी गावात शिरले तेव्हा तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या होत्या, पोळ्याची गाणी, झडत्या चालू होत्या, आणि तुम्ही आपल्या दरवर्षीच्या जागेवर, मानाच्या जोडीच्या शेजारी, रिकाम्या हाताने उभे होतात. हलला नव्हतात. दुसऱ्या कोणाला ती जागा घेऊ दिली नव्हती. त्या गर्दीसमोरून माझी बंडी गेली. बैलांच्या पोटापर्यंत काळा चिखल, रंग ओघळलेला, खांद्यावर जू. कोणीतरी म्हणालं, "पाह्य रे बापा, कलियुग." तुम्ही पुढे आलात, शिवळा काढल्यात, जू उतरवलंत, आणि दोघांना तसंच, चिखलासकट, नेऊन रांगेत उभं केलंत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोळा फुटला, जोड्या आपापल्या घरी पांगल्या. घरी आल्यावर एकच वाक्य बोललात, "एका कुतरीपायी तू मले गावात मान खाली घालाले लावली," आणि त्यानंतर करीच्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या पंधरा दिवसांतही नाही. कासरा तर माझ्या हातात पुन्हा कधीच दिला नाहीत.

मार्गशीर्षात पांढरा लंगडायला लागला. झालं, सगळ्या गावाला उत्तर मिळालं. देव कोपला. तुम्हीही म्हणालात, पारावर, सगळ्यांसमोर. मी खूर उचलून बघितला तर बेचक्यात बाभळीचा हा एवढा काटा, आणि पू. काढून तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणालात, "काटा तरी कोनं रोवला?" तुमच्या देवाला दुसरं काही कामच नव्हतं का? दोन दिवसांत पांढरा नीट चालायला लागला, पण ते सांगायला तुम्ही पारावर गेला नाहीत.

पुढच्या उन्हाळ्याचं मात्र मी विसरलेली नाही. दुपारी मी पुस्तक घेऊन ओसरीत बसले होते आणि तुम्ही गोठ्यातून आलात, दारातच थांबलात, आणि दुसरीकडे बघत म्हणालात, "म्हैस जराशी कशी तरीच करून राह्यली. पाह्य बरं." मी गेले. डावी कूस फुगून वर आली होती, थाप मारली तर ढोलासारखी वाजत होती, आणि जीभ बाहेर. मी म्हटलं, "बाबा, आत्ता जा." आणि तुम्ही गेलात, कोणाला न विचारता, डोक्याला शेला न बांधता, डॉक्टरला घेऊन आलात. म्हैस वाचली. लोक मला म्हणतात की बापाने यापेक्षा वेगळं काय बोलायला हवं होतं, पाह्य म्हणाला त्यात सगळं आलं. नाही आलं. मला पापी ठरवलंत ते पारावर, आणि पाह्य म्हणालात ते गोठ्याच्या दारात. तुम्ही पारावर म्हणायला हवं होतं की पोरगी बरोबर होती. मी वाट बघितली. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत बघितली.

मला राग आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे. परवा आमच्या गल्लीतली एक मुलगी धावत आली. तिच्या कुत्रीच्या कळा थांबल्या होत्या आणि घरचे म्हणत होते सकाळपर्यंत बघू. मी चप्पल न घालता गेले, ओठ वर करून बघितला आणि म्हटलं, सकाळ कोणाची बघताय, आत्ता रिक्षा बोलवा. चारही पिल्लं जगली. रात्री ती मुलगी पेढे घेऊन आली आणि विचारलं, "आजी, तुम्हाला एवढं कसं कळतं?" मग मी नेहमीची गोष्ट सांगितली, बैलांची, चिखलाची, तुमची. अशी मी ती गोष्ट वर्गात सांगितली आहे, लग्नात सांगितली आहे, नातवंडांना सांगितली आहे. ती मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "पण आजी, पहिल्या तीन पिल्लांचं वाईट वाटतं. तुमच्या बाबांनी सकाळी लगेच ऐकलं असतं तर तीही वाचली असती ना?" मी म्हटलं, "हो ना." ती गेली आणि मला जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

बाबा, पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही गोठ्यात बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होतात आणि त्यांना आवतन देत होतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आईने मला कुटार आणायला पाठवलं. मी दार उघडलं तेव्हा तांबडीला कळा लागलेल्याच होत्या, जोराच्या, एकामागून एक. माझा पाय वाजला तशी तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. एरवी व्यायला झालेली कुत्री गुरगुरते, ती गुरगुरली नाही. तिला मी जवळ हवी होते, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी घाबरले. वाटलं, पाहिलं तर खाईल. तुम्ही दहा हातांवर होतात. त्या वेळी बैल देव झाले नव्हते, नुसते बैल होते. त्यांच्या खांद्यावर जू ठेवायला कोणाचीच हरकत नव्हती. मी हाक मारली असती तर तुम्ही बंडी जुंपली असती की हसला असता, हे मला माहीत नाही, कारण मी हाक मारली नाही. कुटार न घेताच दार ओढून घेतलं आणि आईला सांगितलं की अंधार आहे, दिसत नाही.

डॉक्टरांना "सकायपासून" सांगितलं ते त्यासाठी. तुम्हालाही रात्रीचं कधी सांगितलं नाही. त्या तीन पिल्लांचं पाप मी इतकी वर्षं तुमच्या माथी मारत आले, आणि सकाळचे तीन तास तुमचे होते हे मी आजही सोडत नाही. पण आधीची ती सबंध रात्र माझी होती. पाठवायला पत्ता असता तर पत्र नक्की टाकलं असतं, फक्त हे शेवटचं पान घातलं नसतं.